किल्ली दाखव

लिफ्टच्या खड्ड्यात उतरायचं तर आधी वर मशीनच्या खोलीत जाऊन मेन स्विच पाडायचा, त्याला कुलूप घालायचं आणि किल्ली खाली घेऊन यायची. धांदल्या अकरा वर्षं हेच करत होता. तरी त्याचे जोडीदार दादा त्याला 'बंद केलंस का' असं कधीच विचारत नसत. नुसतं म्हणत, "किल्ली दाखव."

त्याला कारण होतं. लहानपणी धांदल्या डबा विसरायचा, वही विसरायचा, शेगडीवरचं दूध तर हमखास. वडील विचारायचे, "केलंस का?" 'नाही' म्हटलं की गालावर पाचही बोटं उठायची. पोरगं शहाणं झालं. काहीही विचारा, उत्तर एकच, 'हो, केलं.' चाळिशीत डॉक्टरांनी त्या विसराळूपणाला एडीएचडी हे नाव दिलं, गोळ्या दिल्या. पण मेली जिभेची खोड गोळीनं थोडीच जाते! हे त्यानं फक्त दादांना सांगितलं होतं. दादा हसले नव्हते. "मग मी विचारणारच नाही," एवढंच म्हणाले होते.

त्या दिवशीची लिफ्ट मुळातच घातकी. खालचं दार उघडं असलं तरी ती चालायची. तेच दुरुस्त करायला दोघं आले होते. त्यात इमारतीचा मॅनेजर डोक्यावर बसलेला.

"आटपा हो, लोक खोळंबलेत! मेन बंद केलात ना?"

"हो, केला," धांदल्या म्हणाला.

ते ऐकून दादा घाईघाईत शिडीनं खड्ड्यात उतरले. अकरा वर्षांत पहिल्यांदाच, किल्ली न बघता.

धांदल्याने खिशात हात घातला. किल्लीऐवजी हाताला ग्रीसचं फडकं लागलं. मघाशी वर मशीनवर ग्रीस साचलेलं दिसलं, ते पुसण्यात तो रमला होता. मग स्विच? कुलूप? काही केल्या आठवेना. मॅनेजर बघत होता. 'नाही' म्हटल्यावर काय होतं ते गालाला अजून पाठ होतं. वरच्या कुठल्याशा मजल्यावर लिफ्टचं दार धाडकन लागलं.

"दादा, बाहेर या! नाही केलं! मी खोटं बोललो!"

दादा कसेबसे वर चढले. मागोमाग लिफ्ट आली आणि त्यांचं डोकं जिथे होतं तिथेच येऊन थांबली.

दादांनी धांदल्याच्या खांद्यावर ठेवायला हात उचलला. त्यानं दोन्ही हातांनी गाल झाकून घेतले.