सात सशांतला आमचा ससा

मित्रांनो, मी एक जुना, पिवळट पडलेला संगणक आहे आणि संशय घेणं हा माझा स्वभाव आहे. मिनेसोटातल्या एका घराच्या तळघरात, नाताळच्या दिव्यांच्या खोक्यामागे माझा मुक्काम असतो. जिन्यावर पाऊल वाजलं की पहिली शंका येते, आज मला भंगारात नेणार. असा मी का झालो, ते सांगतो.

कुठल्या कारखान्यात जोडला गेलो, ते आठवत नाही. आठवतं ते मार्नी हॅल्वरसनचं स्वयंपाकघर. घरात ती आणि तिची चार वर्षांची एल्सी, दोघीच. दुपारी एल्सी झोपली की मार्नी तासभर माझ्यासमोर बसून वेबपानं बनवायला शिकायची. शिकवायचे शेजारचे व्हर्न टॉल्फसन. शाळेची बस चालवून ते निवृत्त झाले होते आणि गावातल्या कर्लिंग क्लबची, म्हणजे बर्फावर दगड सरकवायचा खेळ खेळणाऱ्यांची, साइट सांभाळायचे.

"एचटीएमएलची खूण उघडलीस की बंद करायची, पोरी," ते सांगायचे. "बसचं दार समज. उघडं ठेवून निघालीस तर मागचं सगळं रस्त्यावर."

मार्नीचं नाव पहिल्यांदा ठळक अक्षरांत उमटलं, तेव्हा तिनं माझ्या डोक्यावर थोपटलं. तेवढं कौतुक माझं पुन्हा कुणी केलं नाही.

मग ऑगस्टात एल्सीचा ससा हरवला. साउथ डकोटाहून परत येताना त्या तीन मोटेलांत राहिल्या होत्या, त्यांतल्याच एकात तो राहिला. आजीच्या जुन्या कोटाचा शिवलेला ससा होता तो. मोटेलवाले सापडलेल्या वस्तू तीस दिवस ठेवतात, मग चर्चला देऊन टाकतात. एल्सी नीट जेवेना. "त्याला वाटेल, मी मुद्दाम टाकलं," एवढंच म्हणायची.

मार्नीनं तिन्हीकडे फोन केले. एका मोटेलची बाई म्हणाली, "माझ्या खोक्यात सात ससे आहेत. तुमचा कुठला?"

"राखाडी. नाक झिजलेला."

"अहो, सगळेच राखाडी आहेत. आणि नाक कुणाचं शिल्लक आहे?"

म्हणून मार्नीनं सशाचा फोटो लावून एक पान बनवलं. व्हर्ननी क्लबच्या साइटवर त्याला जागा दिली. "चिंधीचा ससा आमच्या क्लबात," म्हणत ते हसले. ते हसणं मार्नीला टोचलं.

माझ्या पडद्यावर पान सुरेख दिसत होतं. वर नाव, खाली ससा. पण मोटेलच्या बाईचा फोन आला. "पान दिसतं, फोटो नाही. नुसती चौकट आहे, आत लाल फुली."

मार्नीनं माझ्याकडे बघितलं. ससा जागेवर होता. तिनं पान पुन्हा पाठवलं. पुन्हा तेच उत्तर आलं. दुसऱ्या मोटेलवाल्यानंही तेच सांगितलं.

"मी फोटो चढवते आणि तो व्हर्न काढतो," ती बहिणीला फोनवर म्हणाली. "साइटचा पासवर्ड दुसऱ्या कुणाकडे आहे?"

बहीण काहीतरी बोलली असावी.

"उपसला असेल त्यानं हिवाळ्यात बर्फ माझ्या दारातला. गोड वागूनच करतात लोक."

तिनं शेजारच्या बाजूचा पडदा ओढून घेतला. व्हर्ननी दिलेल्या, रूबार्बच्या आंबट देठांच्या वड्या तशाच पडून राहिल्या. तिचं बघून मलाही पहिल्यांदा संशय आला, या म्हाताऱ्याची बोटं माझ्यावर जरा जास्तच सराईत फिरतात.

पंचविसाव्या दिवशी तिनं पानावर मोठ्या लाल अक्षरांत ओळ घातली: फोटो काढून टाकणारा माणूस माझ्या शेजारीच राहतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हर्न आले. कॉफीला नको म्हणाले.

"वाचलं मी. क्लबात सगळ्यांनी वाचलं."

"मग फोटो का काढता?"

"मी हातसुद्धा लावलेला नाही. काय लिहिलंयस ते दाखव."

तिनं उघडून दाखवलं. चष्मा सरकवून त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. "हे काय?"

"फोटोचा पत्ता."

"सी ड्राइव्ह, मार्नीची चित्रं. अगं, हा पत्ता तुझ्या घरातल्या कपाटाचा. तू पान उघडलंस की हा खोका आपल्याच पोटातून ससा काढून दाखवतो. त्या बाईचा संगणक स्वतःच्या पोटात शोधतो. तिथं तो कुठून येणार?"

"पण मी पान पाठवलं होतं ना?"

"शब्द सगळे पोचले. ससा तेवढा इथंच बसलाय."

मार्नीचे कान तापले. मित्रांनो, मलाही लाज वाटली. मी खोटं दाखवलं नव्हतं. पण रोज तो ससा तिच्यापुढे धरून मीच तिची खात्री पटवत होतो.

व्हर्ननी फोटो क्लबच्या साइटवर पाठवला, पत्ता दुरुस्त केला. मार्नीनं लाल ओळ पुसली.

"व्हर्न, माझ्याकडून फार..."

"आधी याची इंटरनेटची तार फोनमधून काढ. ही जोडलेली असली की तुझा फोन लागत नाही. त्या बाईला बोलू दे."

अठ्ठाविसाव्या दिवशी बाईचा फोन आला. सातांतला आमचा तिनं बाजूला काढला होता, पोस्टात टाकणार होती. एल्सीनं विचारलं, "मी शोधत होते, हे त्याला सांगितलं का?"

"सांगितलं," मार्नी म्हणाली.

मित्रांनो, तुम्ही पान बनवाल तेव्हा शेजाऱ्याकडे जा आणि त्याच्या पडद्यावर ते एकदा बघा. कुणावर बोट रोखायचं असेल, तर त्याआधी दोनदा जा. लाल ओळ पुसायला मला क्षणही लागला नाही. व्हर्न पूर्वी स्वयंपाकघराचं दार ढकलून सरळ आत यायचे. त्या दिवसानंतर ते शिकवायला येत राहिले, पण बाहेर उभं राहून दार वाजवायचे. पुन्हा न वाजवता आत आले, तेव्हा मार्च उजाडला होता.