गुडघाभर पाण्यातली मरळ

अकरा वर्षं मी एका मरळीच्या मागे होतो आणि तिला माझी काडीचीही पर्वा नव्हती.

केदारखेड्याच्या अलीकडे पूर्णा नदीवर बंधारा आहे. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला पाणी इतकं खोल, की दोन पुरुष उंचीचा बांबू घातला तरी तळ लागत नाही. दर रविवारी पहाटे पाचला जुन्या जालन्यातून स्कूटर काढायची, तास-सव्वा तासात तिथं पोचायचं आणि रॉडचा गळ पाण्यात सोडून बसायचं. बत्तीस वर्षं भूमी अभिलेख कार्यालयात लोकांच्या जमिनी मोजल्या, बांधावरून होणारी त्यांची भांडणं ऐकली. निवृत्त झाल्यावर मला कुणाशी बोलायची इच्छा उरली नव्हती. मासे बोलत नाहीत, एवढंच मला पुरेसं होतं.

आमच्या घरात मासा कधी शिजला नाही. बायको शैला म्हणायची, "खायचा नाही तर धरता कशाला? काय मेला सोस!" मी ताठ मानेनं सांगायचो, "मी मारत नाही. धरतो, फोटो काढतो, सोडून देतो." काठावर बसून संध्याकाळच्या कालवणाची वाट पाहणाऱ्या लोकांपेक्षा मी स्वतःला चार बोटं वरचा समजत होतो, हे आता लपवण्यात अर्थ नाही.

ती मरळ मला अकरा वर्षांत तीनदा दिसली. मरळीला हवा घ्यायला पाण्यावर यावंच लागतं. ती यायची, एक घोट हवा घ्यायची, पाण्यावर परातीएवढं वर्तुळ उमटायचं आणि पुन्हा सगळं शांत. मी गांडुळं लावून पाहिली, कणकेच्या गोळ्या लावल्या, पुण्याहून लेकीनं, अंतरानं पाठवलेली रबराची बेडकी लावली. मरळीनं कशालाही तोंड लावलं नाही.

ज्यांचं शेत तिथं नदीला लागून आहे ते कारभारी मला हसायचे. त्यांच्या शेताच्या कडेनं एक ओढा येऊन बंधाऱ्याच्या पाण्यात मिळतो. कारभारी त्या ओढ्यावर साधी काठी घेऊन बसत आणि चार मासे घेऊन घरी जात.

"वामनराव, खोल पाण्यात काय बघून राह्यले? वढ्यावर या," ते म्हणायचे.

"मोठा मासा मोठ्या पाण्यातच असतो, कारभारी."

"ऱ्हातो तिथं. पर सगळं आयुष्य तिथंच काढतो, असं कोन सांगितलं तुम्हाला?"

या मुद्द्यावर आम्ही अकरा वर्षं भांडलो. मी हट्टी माणूस आहे, मी ओढ्याकडे फिरकलोसुद्धा नाही.

या सप्टेंबरात आमचं जालना सोडायचं ठरलं. अंतराच्या शेजारची सदनिका घेतली, सामान न्यायला टेम्पो सांगितला. टेम्पो रविवारी दुपारी बाराला येणार होता, आणि मी पहाटे पाचला रॉड घेऊन दारात. दोरीनं बांधलेल्या खोक्यांकडे शैलानं एकदा पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "शेवटचं. एकदा ती हातात घेऊन बघायची आहे. बस."

नदीवर पोचलो तर कारभारी माझीच वाट पाहत बसलेले.

"रॉड ऱ्हाऊ द्या. या माझ्यासंग. पाय वाजवू नका."

त्या दिवशी मी वाद घातला नाही, पण रॉड बरोबर घेतलाच. ओढ्याच्या काठानं पन्नासेक पावलं गेलो. पाणी गुडघाभर, निवळशंख, तळाचे गोटे मोजावेत इतकं. कारभारींनी बोट दाखवलं. पाण्यात कुंकू सांडावं तसा एक लाल डाग होता. तो डाग हलत होता, पसरत होता, पुन्हा गोळा होत होता. निरखून पाहिलं तर पिल्लं. बोटाच्या पेरापेक्षा लहान, शेकड्यांनी. एकाएकी ती सगळी वर आली, हवा घेतली, पाण्यावर पावसाचे थेंब पडल्यासारखं झालं आणि खाली गेली.

मग त्यांच्या खालची काळी फांदी हलली. ती फांदी नव्हती.

अडीच फूट, माझा अंदाज चुकत नाही. अकरा वर्षं जिच्या वर्तुळावर मी जगलो ती माझ्यापासून चार हातांवर उघड्यावर उभी होती. तिची पाठ, कल्ल्यामागचे पांढरे ठिपके, शेपटी, सगळं दिसत होतं. मी हात जोडले. का जोडले ते सांगता येणार नाही. देवळातसुद्धा मी सहसा हात जोडत नाही.

"हीच का?"

"हीच. जोडीनं आल्ते. नर परवा कुणीतरी जाळ्यात नेला. आता एकटीच राखून राह्यली."

"इथं, एवढ्या पाण्यात? कुत्रंसुद्धा धरेल हिला."

"मंग? खोल पाण्यात पिल्लाला खानारे लई." त्यांनी कडेच्या गवताकडे मान केली. तिथं सात-आठ चिलाप्या, तळहाताएवढे चपटे मासे, तोंड लाल डागाकडे करून टपून होत्या. "आता गळ टाकला तर बराबर धरंल. भुकेनं न्हाई, रागानं. म्हणून टाकायचा न्हाई."

"मी तर सोडूनच देतो, कारभारी."

"सोडसाल. पाच मिन्टानं सोडसाल. तवर ह्यांनी काय करायचं?"

इतक्यात शेतातून त्यांच्या बायकोची, नंदाबाईंची हाक आली, लाईट आली म्हणून. मोटार चालू करायला कारभारी उठले. जाताना म्हणाले, "बिलकुल टाकू नका. बघा नुसतं."

मी बघत बसलो. दोन मिनिटं बसलो असेन. मग मनात हिशेब सुरू झाला. बारा वाजता टेम्पो. पुण्यात कुठली पूर्णा? पाच मिनिटं म्हणजे असं कितीसं? मासे खाणारा माणूस मला दयामाया शिकवतो, हेही मनाला लागलं होतं. मी रबराची बेडकी लाल डागाच्या कडेला टाकली.

ती ज्या वेगानं आली तो मला दिसलाच नाही. रॉड वाकला, रीळ किंचाळलं, मी चपलांसकट पाण्यात उतरलो. खोल पाण्यात तिनं मला तासभर नाचवलं असतं. इथं तिला पळायला जागाच नव्हती. तिसऱ्या झटक्याला ती माझ्या हातात आली. जड, गार, आणि सगळं अंग थरथरत असलेली. अकरा वर्षांनी! मी मोठ्यानं हसलो. फोन काठावरच्या पिशवीत होता, तो घ्यायला वळलो आणि मागं टप, टप असा आवाज आला.

लाल डाग फुटला होता. पिल्लं चहूकडे पांगली होती आणि चिलाप्या त्यांच्यात घुसून एकेक उचलत होत्या. घाई न करता, शेंगदाणे खावेत तशा. गळ निघेना. मी स्वतःला शिव्या घातल्या, बोट फाडून घेतलं, शेवटी गळ निघाला.

खोल पाणी खाली पन्नासेक पावलांवर होतं. मी तिचं तोंड तिकडे करून हात मोकळे केले. मी तिच्या जागी असतो तर तिकडंच पळालो असतो आणि जन्मात पुन्हा वर आलो नसतो. ती क्षणभर तशीच राहिली. कल्ले दोनदा उघडले, मिटले. मग ती वळली. माझ्या पोटरीला घासून, ज्या माणसानं आत्ताच धरली होती त्याच्या दोन पायांमधून, उलट दिशेला, पिल्लांकडे गेली. पुढं पाणी इतकं उथळ की तिची पाठ बाहेर आली. तशीच ती चिलाप्यांवर धावून गेली.

मी आयुष्यात इतका लहान कधी झालो नव्हतो.

कारभारी परत आले. माझे ओले कपडे पाहिले, ओढा पाहिला. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"पांगवली ना?"

मी मान हलवली.

"मंग आता तिथंच उभे ऱ्हा. चिलाप्या खालच्या अंगानं येत्यात. वाट अडवा. हलू नका, तुमच्या पायापाशी बी आली असतील."

आली होती. माझ्या घोट्यांच्या आडोशाला वीस-पंचवीस लाल ठिपके थरथरत होते. मी खांबासारखा उभा राहिलो. पाठ भरून आली, ऊन चढलं. गवतातून एक, गोट्यामागून दोन, अशी पिल्लं निघत होती आणि मरळ मधोमध उभी होती. खूप वेळानं एक लहानसा लाल डाग पुन्हा झाला. सगळी मिळून वर आली, हवा घेतली, खाली गेली.

"निम्मी ऱ्हायली," कारभारी म्हणाले.

पिशवीत फोन वाजला. मी हलेना, म्हणून त्यांनीच तो माझ्या कानाला लावला.

"अहो, टेम्पो दारात उभा आहे," शैला म्हणाली. "आहात कुठं?"

"पाण्यात."

"सापडली का एकदाची?"

"सापडली."

"मग फोटो पाठवा अंतराला, आणि निघा."

"फोटो नाही काढला," मी म्हणालो. "शैला, टेम्पोवाल्याला थांबायला सांग. माझ्या पायापाशी अजून वीसेक पिल्लं आहेत. ती तिच्याकडं गेल्याशिवाय मला इथून हलता येणार नाही."

"बरं," ती म्हणाली. "त्याला चहा देते."