गोजरबाईंचे नाव माझ्यापर्यंतच आले

मित्रांनो, सभेत ज्याच्यासमोर उभे राहून वक्ते घसा साफ करतात, तो माईक मी. आता माझी जाळी चेपली आहे आणि मुलाम्यातून पितळ दिसते. माझी रचना साधी आहे. आत एक पातळ पडदा, पडद्याला तारेचे वेटोळे आणि वेटोळ्याभोवती लोहचुंबक. आवाजाने पडदा हलतो, वेटोळे हलते आणि क्षीण विद्युतप्रवाह निघतो. पुढे यंत्र तो वाढवते आणि कर्णा तो गावभर पोहोचवतो. म्हणजे मी केवळ आरंभ करतो. शेवट माझ्या हाती नसतो.

१९८१ साली परतूरच्या कारभारींनी, म्हणजे सभा-समारंभांना कर्णे भाड्याने देणाऱ्या गृहस्थांनी, मला विकत घेतले. सत्कार, निरोप समारंभ, उद्घाटने यांत माझे आयुष्य गेले. 'कर्तव्यतत्पर', 'निःस्पृह', 'आधारवड', 'गावाचे भूषण' हे शब्द मी इतक्या वेळा वाहिले की कोणत्या शब्दानंतर टाळ्या पडतील, हे मला आधीच कळे.

१९८७च्या जून महिन्यात एका खेड्यातल्या शाळेत गोजरबाईंचा निरोप समारंभ होता. त्या शाळेत एकोणतीस वर्षे शिपाई होत्या. कारभारी तारा जोडत असताना त्या जवळ आल्या.

"कारभारी भाऊ, एक भोंगा माझ्या दारातल्या लिंबाला बांधता का? माय अंथरुणाला खिळली. तिला म्हणलंय, आज तुह्या लेकीचं नाव समद्या गावात घेणार हायेत."

"त्यात काय! दोन बांधतो. माय उठून नाचली पाहिजे."

"नाचली तर तुम्हीच सांभाळा मंग," गोजरबाई हसल्या.

लिंबाला कर्णा बांधला गेला. यंत्र चालवणारी बॅटरी मात्र निम्मीच भरली होती, कारण आदल्या दिवशी वीजच नव्हती. कारभारींनी मुख्याध्यापक नरहर गुरुजींना गाठले.

"गुरुजी, बाईचं मानपत्र आधी वाचा. बॅटरीचा भरोसा न्हाई."

"अहो, मंचावर सतरा पाहुणे आणि आधी सत्कारमूर्ती? सत्कारमूर्तीचं शेवटी असतं. तोच तर मान!"

"जो उठंल तो सतराच्या सतरा नावं घेईल. बॅटरी नावांतच संपून जाईल बघा."

"एकाचं नाव राहिलं तर तो वर्षभर बोलत नाही. तुम्ही चिंता करू नका."

गुरुजी वाईट नव्हते. त्यांनी तीन दिवस खपून मानपत्र लिहिले होते.

पहिला वक्ता उठला. सन्माननीय, आदरणीय, श्रद्धेय अशी सतरा नावे. दुसरा उठला, पुन्हा सतरा. पाहुण्यांनी पाहुण्यांचा गौरव केला, गोजरबाईंचे नाव मात्र कोणीच घेतले नाही. सरपंचांना कोणी 'विकासाचे शिल्पकार' म्हणाले, त्यांनी त्याची लगेच परतफेड केली. गोजरबाई कडेच्या खुर्चीवर हार हातात धरून बसल्या होत्या. प्रत्येक नावागणिक बॅटरी उतरत होती. मला ते जाणवत होते, पण मला स्वतःचे एक अक्षरही उच्चारता येत नाही.

अखेर गुरुजी माझ्यासमोर आले. "श्रीमती गोजरबाई, एकोणतीस वर्षांत या शाळेची घंटा एकदाही उशिरा वाजली नाही..." माझा पडदा हलला, वेटोळे हलले, तारेत प्रवाह निघालासुद्धा. पण यंत्राचा लाल दिवा विझला होता. प्रवाह घेणारे पुढे कोणी नव्हते. गुरुजी ओरडून वाचत राहिले. पुढच्या दोन रांगांनी ऐकले, मागचे लोक उठू लागले. गोजरबाई गुरुजींकडे पाहत नव्हत्या. त्या शाळेवरच्या मुक्या कर्ण्याकडे पाहत होत्या.

समारंभ आटोपल्यावर कारभारी मला पिशवीत घालून लिंबावरचा कर्णा सोडायला गेले. गोजरबाईही सोबत होत्या. दारातच खाटेवर चतुराबाई, गोजरबाईंची आई, उशीला टेकून बसली होती.

"गोजरे, समद्यांची नावं आली. तुहं कव्हा आलं गं?"

गोजरबाईंनी हातातला हार तिच्या उशाशी ठेवला. "आलं की, माय. दोनदा आलं. तुहा डोळा लागल्ता."

"न्हाई गं. मी जागीच व्हते."

"लागल्ता. मी काय झूट बोलून राह्यले?"

म्हातारीने कपाळावर हात मारला. "आता गं बाई! ऐन टायमाला कशी झोपले मी?"

कारभारींनी काही बोलायला तोंड उघडले. गोजरबाईंनी त्यांच्याकडे नुसते पाहिले, तसे ते खाली मान घालून दोरीची गाठ सोडू लागले. ती जागी होती, मित्रांनो. तिने सतराही नावे ऐकली होती. पण हे तिला सांगणार कोण?

त्यानंतर दोन वर्षे मी त्या गावात अनेकदा गेलो. कर्णा वाजू लागला की चतुराबाई लेकीला म्हणे, "मला बसती कर, आज झोपायची न्हाई मी." शिपायाचा सत्कार काही दुसऱ्यांदा होत नाही, हे तिला कोणी सांगितले नाही. पुढे ती गेली.

मित्रांनो, माझ्या जाळीवरची धूळ पुसली नाही तरी चालेल. पण उद्या तुम्ही कोणाच्या गौरवाला उभे राहाल, तेव्हा ज्याच्यासाठी सभा भरली आहे त्याचे नाव सर्वांत आधी घ्या. पाहुणे रुसले तर रुसू द्या. त्यांना पुन्हा बोलावता येते.