देवघेवीतली सावड

नाझनीनचा निकाह झाला ते साल दोन हजार तेवीस, महिना नोव्हेंबर. मुलीकडून गवाह म्हणून सही केली ती भोकरच्या अजीज उस्तादांनी. नाझनीनचा थोरला भाऊ मुज्तबा नांदेडात मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो. त्याला हा धंदा शिकवला तो याच उस्तादांनी. सगळे जेवायला बसले असतानाच मुज्तबाच्या फोनवर लातूरहून मृत्युंजयचा निरोप आला.

‘पुनमची तक्रार आहे. कुणीतरी टोळी करून गुण फुगवतंय. शोधून द्या.’

‘देवघेव’ हे मोबाइल मेकॅनिक लोकांचं इंटरनेटवरचं जाळं. मृत्युंजयनं ते उभं केलं आणि राखणीला मुज्तबाला बसवलं. बंद पडलेला फोन जिवंत करायला त्याची फाइल लागते. या फाइली कुठल्या गोदामात नसतात, ज्याच्या त्याच्या दुकानातल्या संगणकावर असतात. कुणाला फाइल दिली की दोन गुण मिळतात, कुणाची घेतली की एक जातो. नव्या फोनची फाइल आली की जास्त गुणवाल्याला ती आधी मिळते. उमरीची पुनम दोन वर्षं इमानानं देत होती, तरी तिचा नंबर शेवटीच लागायचा. फाइल हातात येईस्तोवर गिऱ्हाईक दुसरीकडं गेलेलं असायचं.

पाहुणे पांगल्यावर मुज्तबा कामाला लागला. कोण कुणाकडून घेतो याच्या बाणांच्या रेघा त्यानं ओढल्या. खऱ्या मेकॅनिकच्या रेघा चहूकडं जातात. आज देगलूर, उद्या लोहा. पण एका ठिकाणी पाच माणसांच्या रेघा आपापसांतच फिरत होत्या. फाइलही एकच, केव्हाच बाजारातून गेलेल्या एका फोनची. ती फाइल दिवसातून तीनदा कुणाला लागते? सगळ्या बाणांची टोकं भोकरकडं होती.

पाचांतलं एक नाव अजीज उस्तादांचं होतं. एक रेणापूरच्या आनंदराजचं, दोन उस्तादांच्याच जुन्या शागिर्दांची. पाचवं मुज्तबाचं.

 उस्तादांची नजर मंदावली तेव्हा त्यानंच आपल्या संगणकाला सांगून ठेवलं होतं, रोज उस्तादांकडून घे, म्हणजे त्यांचे गुण टिकतील म्हणून. सांगितलं आणि विसरला. कुंपणानंच शेत खाल्लं म्हणतात ते हे.

दुसऱ्या दिवशी तो भोकरला गेला. उस्ताद भिंग लावून एका फोनशी झटत होते.

“या, नवरीचे भाऊ! बिर्याणीत मीठ कमी होतं बरं का.”

“उस्ताद, आपली टोळी सापडली.”

“कसली टोळी?” उस्ताद हसले. “अरे, सावड हाय ती. आज तुझ्या शेतात मी, उद्या माझ्या शेतात तू. माझा बाप न्हाई का शेजाऱ्याच्या बैलजोडीवर पेरायचा? आता माझे डोळे गेले, तर पोरं माझं औत ओढून राहिली. यात चोरी कुठं हाय?”

“उस्ताद, सावडीत शेत खरंच नांगरलं जातं. इथं कुणाचंच नांगरलं न्हाई. नुसते बैल फिरले. आणि त्या उमरीच्या बाईचं शेत पडीक राहिलं.”

उस्तादांनी भिंग खाली ठेवलं. 

“माझे गुण गेले तर दुकान जाईल, बेटा. नवा फोन फाइलीबिगर उघडत न्हाई.”

“हाव,” मुज्तबानं मान डोलावली.

“मग सांग तूच, काय करतो?”

मुज्तबा उठून निघाला. परत येताना आनंदराजचा फोन आला; उस्तादांनी त्याला सगळं कळवलं होतं.

“मुज्तबाभाई, उस्तादांचं तेवढं नाव गाळ. आमचं दे, आम्ही सोसू. आम्ही जवान हाव.”

“तुझ्या तोंडाला लगाम हाय का? फोनवर बोलतो!”

“मग काय पत्र लिहू?”

मुज्तबानं गाळून पाहिलं. उस्तादांचं नाव काढलं तर चारही बाण एका रिकाम्या जागेकडं जाऊन थांबत. तिथं कोण आहे, हे शेंबडं पोरही सांगेल. स्वतःचं नाव काढलं तर तो सुटायचा, आणि उरलेले चौघंच चोर ठरायचे. काहीच दिलं नाही तर पुनमचं दुकान जायचं. ज्या बाजूनं हात घालावा तिथं गाठच होती, आणि तीही त्यानंच मारलेली.

“नका देऊ,” बायको बानो म्हणाली. “सांगा, काही सापडलं न्हाई.”

“सापडलंय मला. आता न सापडल्यावानी कसं जगू?”

तीन दिवसांनी त्यानं पाचही नावं धाडली, वर आपलं स्वतःचं. मृत्युंजयनं नियमाप्रमाणं डिसेंबरपासून पाचांनाही वर्षाची बंदी घातली आणि राखणीचं काम दुसऱ्याला दिलं. पुनमचा नंबर वर आला. तिनं आभाराचा निरोप पाठवला, मुज्तबानं तो उघडला नाही.

तो दर जुम्म्याला भोकरला जाऊ लागला. हातात न्यायला काही नसायचं. नवी फाइल त्यालाही मिळत नव्हती. उस्तादांचं गिऱ्हाईक घटत गेलं. रमजानच्या आधी त्यांनी शटर ओढलं आणि घरी बसले. मुज्तबा गेला की चहा यायचा, हवापाण्याच्या गोष्टी व्हायच्या. त्या यादीबद्दल ते कधी बोलले नाहीत. रागावले असते तर त्याला माफी मागता आली असती.

बंदी उठायला तीन-साडेतीन महिने बाकी असताना, दोन हजार चोवीसच्या ऑगस्टच्या एकोणीस तारखेला, सोमवारी, अजीज उस्ताद भोकरला आपल्या घरी वारले.