बेरीज एक यायलाच हवी

मित्रांनो, मी प्रयोगशाळेतला एक जुना संगणक आहे. माझा पंखा सारखा घरघरतो. स्वस्थ बसणं मला जमतच नाही. ज्याचं गणित मी करतो, तो अणू तरी कुठे स्वस्थ बसतो?

त्याच्यावर लेझरचा प्रकाश पडला की क्षणाक्षणाला वेगळा धक्का बसतो. पुढे त्याचं काय होणार, हे एका दमात सांगणारं सूत्र सहसा सापडत नाही. म्हणून मी वेळेचे बारीक तुकडे करतो. एका तुकड्यापुरता धक्का सारखाच आहे असं धरून पाऊल टाकतो. मग पुढचं. अणू ऊर्जेच्या खालच्या पायरीवर असण्याची शक्यता आणि वरच्या पायरीवर असण्याची शक्यता, यांची बेरीज एक यायलाच हवी; दोन्हींपैकी कुठेतरी तो सापडणारच.

नवा होतो तेव्हा लोक मला मुद्दाम बघायला येत. आता माझ्यावर चहाचे कप ठेवतात. इथे संशोधन करणाऱ्या ताईचा प्रबंध मात्र माझ्याच भरवशावर होता. त्या दिवशी शेजारच्या खोलीतले प्रयोगवाले दुपारी तीनला तिच्या उत्तराप्रमाणे लेझर लावणार होते. यंत्र त्यांना त्या एकाच दिवसापुरतं मिळालं होतं.

माझी देखभाल करणारे काका ब्रशने पंखा झाडत होते. पडद्याकडे बघून म्हणाले, "पूर्वी बेरीज दिसायची. आता का नाही?"

"एकाहून जास्त यायची, काका," ताई म्हणाली. " म्हणून दर पावलाला बेरजेनं भागून टाकते. एकच होते."

"म्हणजे ताप चढला की थर्मामीटरचा पारा खाली झटकायचा, आणि पोरगं बरं झालं म्हणायचं?"

"काय हो काका!" ताई हसली. मग पडद्याकडे वळली. मी किती दिवस तळमळत होतो, पण मला तोंड कुठे आहे!

तिने प्रोग्राममधली भागाकाराची ओळ काढून टाकली आणि मला पुन्हा चालवलं. बेरीज आली एक पूर्णांक चार दशांश. पावलं फार मोठी पडत होती. अडीच वाजले होते.

ती शेजारी गेली. "माझं उत्तर लावू नका. चुकलंय."

"अगं, यंत्र पुन्हा सहा महिन्यांनी मिळेल!"

"माहीत आहे."

परत येऊन तिने पाऊल निम्मं केलं. मग त्याच्याही निम्मं.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसा, चुका पुसू नका. पाऊल निम्मं करून उत्तर बदललं, तर आधीच्यावर विसंबू नका. मी अजून चालतोच आहे. बेरीज आत्ता एक पूर्णांक दोन शतांश आहे. ती तशीच दिसू द्या.