उभी पोच

मित्रांनो, मी सध्या आडवी पडले आहे. सामानाच्या खोलीत दोन लोखंडी कोनांवर मला टाकले आहे आणि माझ्या अंगावर बुटांचे सतरा जोड आणि जोडीदार हरवलेले तीन बूट आहेत. तुम्ही डोकावलात तर म्हणाल, ही बुटांची फळी. तसे म्हणू नका. बूट जरा बाजूला सारलेत तर खाली पांढरा रंग दिसेल, काळ्या रेघा दिसतील आणि दर दहा रेघांनंतर एक लाल आकडा दिसेल. मी एक जुनी, उडी मोजायची फळी आहे. मुलींच्या कॉलेजच्या बास्केटबॉल हॉलमध्ये एकवीस वर्षे मी भिंतीवर ताठ उभी होते.

त्याआधी मी एका मोडक्या बाकाची पाठ होते. सुताराने मला रंधा मारला आणि रंगाऱ्याने तळाशी १८० पासून माथ्याशी ३२० पर्यंत आकडे काढले. जेवणाची सुट्टी जवळ आली होती म्हणून २३७ मधला सात त्याने असा काही घाईत ओढला की नव्या मुली त्याला एक वाचत. तेवढे एक व्यंग सोडले तर मी सरळ होते. जमिनीपासून दोनशे सेंटिमीटरवर माझा दोनशेचा आकडा येईल, अशी मोजून मला भिंतीला ठोकली.

माझे काम सोपे होते. मुलगी माझ्याशेजारी भिंतीला खांदा लावून उभी राही, टाचा जमिनीला टेकवून हात वर ताणी. बोटे जिथे पोचतील तो आकडा म्हणजे तिची उभी पोच. मग ती खडूच्या भुकटीत बोटे बुडवी, जागच्या जागी उडी मारी आणि जमेल तितक्या उंचावर मला थाप देई. वरच्या आकड्यातून उभी पोच वजा केली की उरते ती तिची उडी.

तेव्हा शिकवायला एक बाई होत्या. शिस्तीच्या कडक, पण मनाच्या मोकळ्या. प्रत्येक चाचणीला त्या उभी पोच नव्याने घेत. "मुलगी कालची नसते आणि तिचे बूटही कालचे नसतात," असे म्हणत. माझे कौतुक करीत, पण बेताने. माझ्याकडे बोट दाखवून मुलींना सांगत, "हिला फक्त उडी कळते गं, खेळ कळत नाही." मग खुर्ची उलटी फिरवून माझ्याकडे पाठ करून बसत आणि खेळ बघत. मला त्या वेळी राग येई. आज वाटते, माझी खरी किंमत त्या एकट्या बाईला कळली होती.

बाई निवृत्त झाल्या आणि सर आले. सर वाईट नव्हते हे आधीच सांगते. सकाळी सगळ्यांच्या आधी हॉलवर हजर असत आणि मुलींबरोबर धावतही. पण त्यांना आकडे फार आवडत, कारण आकड्याशी कुणी हुज्जत घालत नाही. संघात अमुक का, तमुक का नाही, असे वरच्यांनी विचारले की ते वही उघडून दाखवीत. वेळ वाचावा म्हणून त्यांनी एक पद्धत पाडली. जुन्या मुलींची उभी पोच गेल्या वर्षीच्या वहीतून घ्यायची आणि नव्यांची तेवढी मोजायची. "पोच काय दरवर्षी बदलते का?" असे म्हणून ते हसत.

मग एका लांब सुट्टीत हॉलला नवी जमीन केली. जुन्या सिमेंटवर लाकडी पट्ट्या बसवल्या, छान गुळगुळीत. जमीन चार सेंटिमीटर वर आली. दारे घासू लागली म्हणून सुताराने ती खालून तासली. बास्केटच्या रिंगा नियमाच्या उंचीवर हव्यात म्हणून त्याही मोजून वर घेतल्या. मला मात्र कुणी हात लावला नाही. माझ्यासाठी नियम नव्हता ना! मी जिथल्या तिथे राहिले आणि त्या दिवसापासून, मित्रांनो, मी खोटे बोलू लागले.

त्याच वर्षी संघात गार्डची एक जागा रिकामी झाली. गार्ड म्हणजे चेंडू पुढे आणणारी, कुणाला कधी द्यायचा हे ठरवणारी खेळाडू. जागा एक आणि मुली दोन.

पहिली दुसऱ्या वर्षाची. तिला सगळे स्प्रिंग म्हणत. ती नुसती चालली तरी वाटे की आता ही उडणार. तिने उडी मारून चेंडू हिसकावला की पायऱ्यांवर बसलेल्या पोरी किंचाळत. दुसरी पहिल्या वर्षाची, अंगाने बुटकी. तिचे नाव पडले होते मास्तरीण, कारण चेंडू हातात आला की ती डोळ्यांनीच सगळ्यांना जागेवर बसवी. तिचा खेळ मी भिंतीवरून रोज पाहत होते. भरधाव येऊन ती एका पावलात थांबे, बुटांचा आवाज एकदाच येई, आणि तिला अडवणारी मुलगी आपल्याच वेगात चार पावले पुढे निघून जाई. मान एकीकडे, चेंडू दुसरीकडे. रिंगखाली स्प्रिंग हवेत असायची तेव्हा चेंडू बरोबर तिच्या हातात येऊन पडे.

पायऱ्यांवर रोज वाद चाले, दोघींत सरस कोण. सगळ्यांचे, अगदी सरांचेसुद्धा, ठरलेले वाक्य होते, "स्प्रिंग अॅथलेटिक आहे. मास्तरीण काय, डोक्याने खेळते." जणू मास्तरीण अंग खुंटीला टांगून नुसते डोके घेऊन येत होती! अहो, ते डोके मानेवर होते, मान खांद्यांवर आणि खांदे त्याच दोन पायांवर. धावत्या अंगाला एका पावलात थांबवणे ही काय शरीराची करामत नव्हे? पण ते मोजायची फळी कुणी केली नव्हती. फळी एकच होती, मी.

त्या जागेत मास्तरिणीचे बरेच काही अडकले होते. तिचे घर लांबच्या गावी. संघात नाव आले तरच वसतिगृहात खोली, नाहीतर कॉलेज सोडून घरी. आई कपडे शिवायची. मुलगी खेळेल आणि शिकेल एवढी एकच हौस त्या बाईने केली होती.

चाचणीच्या दिवशी स्प्रिंगने मला २६२ वर थाप दिली. सरांनी वहीतली तिची जुनी पोच काढली, २१४. "अठ्ठेचाळीस!" सर ओरडले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग मास्तरीण आली. तिची पोच नवी, म्हणजे तिथेच मोजलेली. २०३.

"सर, शाळेत माझी एकशे नव्याण्णव होती," ती म्हणाली.

"मग वाढलीस! वाढायलाच हवं होतं तुला," सर म्हणाले आणि सगळ्या हसल्या. तीही हसली. तिने उडी मारली आणि २४८ वर चार बोटे उमटवली. पंचेचाळीस.

तुम्हीच हिशेब करा. स्प्रिंगची पोच जुन्या जमिनीवरून घेतलेली, उडी नव्या जमिनीवरून. तिला चार सेंटिमीटर फुकट मिळाले. ती खरे तर चव्वेचाळीसच उडाली होती. ज्या एका गोष्टीत ती सरस म्हणून जागा तिला मिळाली, त्या गोष्टीतही मास्तरीण बोटभर पुढे होती. आणि समजा, नसती पुढे? समजा दहा सेंटिमीटर मागे असती? तरीही माझ्या एका आकड्यावर तो निवाडा करायला नको होता. मला हे सगळे कळत होते, पण मला तोंड नव्हते.

यादी लागली त्या सकाळी मास्तरिणीची आई हॉलवर आली. नाव लागणार याची तिला इतकी खात्री की वसतिगृहासाठी गादीची वळकटी आणि हाताने शिवलेला उशीचा अभ्रा घेऊन आली होती. मुलीने तिला माझ्यासमोर आणून सगळे सांगितले. पोच कशी घेतात, उडी कशी काढतात, आपण एकदम चार सेंटिमीटर कशा वाढलो.

"एकोणिसाव्या वर्षी कुणी चार सेंटिमीटर वाढत नाही गं," आई म्हणाली. "तुझे झगे मी शिवते. बाही होती तेवढीच आहे." तिने पिशवीतून मापाची टेप काढली, टोक जमिनीवर मुलीच्या पायाखाली दाबून धरायला लावले आणि माझ्या दोनशेच्या आकड्यापर्यंत टेप ताणली. मग पुन्हा एकदा ताणली. "एकशे शहाण्णव. ही फळी खोटं बोलतेय."

मित्रांनो, एवढ्या वर्षांत मला हजारो थापा बसल्या. त्या वाक्यासारखी एकही लागली नाही.

मायलेकींनी तिथेच पायरीवर बसून अर्ज लिहिला. जमीन वर आली, फळी नाही, तरी दोन्ही खेळाडूंची पोच आज नव्याने घ्यावी, एवढेच. सरांनी तो उभ्या उभ्या वाचला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"यादी वर गेली. आता काही होत नाही."

"बरं, नाही होत तर नाही," आई म्हणाली. "अर्ज ठेवून घ्या आणि आम्हाला पोच द्या."

"पोच? कसली पोच?"

"अर्ज मिळाला म्हणून. सही करून."

"तुम्हाला काही पोच आहे का हो, आपण कुणाशी बोलतोय याची?" सरांचा आवाज चढला. चेंडूंत हवा भरणारे मामा हातातला पंप थांबवून बघत राहिले.

"आहे म्हणूनच मागतेय, सर," आई म्हणाली. "वीस वर्षं मापं घेतेय. माप चुकलं तर मी झगा उसवते, गिऱ्हाइकाला नाही उसवत."

सरांनी पोच दिली नाही. आईने गादी उचलली, मुलीने अभ्रा. दारापाशी मुलीने एकदा वळून पाहिले, माझ्याकडे नाही, रिकाम्या कोर्टाकडे. मग दोघी गेल्या.

सर माझ्यापाशी आले. मग त्यांनी खिशातून स्वतःची पोलादी टेप काढली, उकिडवे बसले आणि मोजले. आकडा बदलला नव्हता. मला वाटले, आता हा माणूस दाराबाहेर धावेल. रस्ता लांबचा होता, त्या अजून फाटकाशीच असतील. वही तर हातातच होती, आणि एक ओळ खोडायला कितीसा वेळ लागतो? सरांनी टेप मिटली आणि हाक मारली, "मामा, ही फळी काढून टाका. खराब झालीये."

मी खराब झाले! माझी एकही रेघ हलली नव्हती. पायाखालची जमीन त्यांनी बदलली आणि खराब मी झाले. मामांनी चार स्क्रू काढले, मला पुसायचाही कंटाळा केला आणि इथे आणून आडवी टाकली.

पुढचे मला मामांच्या बोलण्यातून कळले. माझ्या जागी एक काळी चटई आली. तिच्यावर उभे राहून उडी मारली की ती आपोआप आकडा दाखवते. पोच वगैरे भानगड नाही. स्प्रिंग पहिल्यांदा तिच्यावर उडाली तेव्हा आकडा आला ४४. सर म्हणाले, पुन्हा. पुन्हा ४४. "आळस आलाय तुला. संघात आलीस आणि हवेत गेलीस," सर सगळ्यांसमोर म्हणाले. सरांना ठाऊक होते ते चार कुठे गेले. तिला ठाऊक नव्हते. बिचारी ते शोधत राहिली. रोज सराव संपल्यावर शंभर उड्या, मग दीडशे. सामन्यात ती उंच उडायची, पण चेंडू वेळेवर येत नसे, कारण आता तो आणायचा होता तिलाच. संघ दुसऱ्याच फेरीत परतला. महिन्याभरात तिचा उजवा गुडघा सुजून टम्म झाला.

त्या गुडघ्याला पट्टा बांधून ती एके दुपारी बूट ठेवायला इथे आली. माझ्यावरच्या खडूच्या खुणा पाहून ती थबकली. "मामा, ही चार बोटं कुणाची?"

"मास्तरिणीची," मामा म्हणाले. मग पंप खाली ठेवून त्यांनी तिला सगळे सांगितले. जमीन, टेप, अर्ज.

तिने २४८ च्या रेघेवर बोट ठेवले. "म्हणजे मी अठ्ठेचाळीस कधीच नव्हते?"

"नव्हतीस, बाळा."

"मी उडायचे खरी. पण कुठं आणि कधी, ते ती ठरवायची," ती म्हणाली. "कुठे असते आता?"

"आईच्या दुसऱ्या मशीनवर बसते म्हणे. गिऱ्हाइकांची मापं घेते."

स्प्रिंगने डोळे पुसले, सगळे बूट एकेक करून सरकवले आणि त्या खुणेपुरती जागा मोकळी केली. ती अजून मोकळी आहे. तिच्यानंतर ज्या मुली येतात त्यांना कारण ठाऊक नाही, पण तिथे कुणी बूट ठेवत नाही म्हणून त्याही ठेवत नाहीत.

मित्रांनो, माझी दुरुस्ती करा, रंग द्या, पुन्हा भिंतीवर लावा, असे मी म्हणणार नाही. माझी हौस फिटली. उद्या तुम्हाला कुणी भिंतीशी उभे करून मोजू लागले तर आधी तुमच्या पायाखाली काय बदलले आहे ते पाहा, आणि नीट मोठ्याने विचारा. आणि या खोलीत आलात तर माझ्यावरची धूळ पुसू नका. पुसायचीच असेल तर २४८ ची रेघ सोडून पुसा. त्या अर्जाची पोच आजवर कुणी दिलेली नाही. खडूची ती चार बोटे आहेत, तेवढीच पोच.