दुर्गाबाईचा सत्कार

हॉटेलच्या हॉलच्या दारातच वाळूची पोती रचलेली होती. पोत्यांवर काटेरी तार, वर हिरवी-काळी जाळी, कोपऱ्यात थर्माकोलचा बर्फ. स्पीकरमधून गोळीबाराचा आवाज येत होता. दुर्गाबाईनं सहदेवचा दंड घट्ट धरला.

"हे काय होय रे बापू?"

"सजावट आहे माय. आपल्यासाठीच केली," तो म्हणाला, आणि तेव्हा त्याला ते खरंच वाटत होतं.

बावीस वर्षांपूर्वी पूंछकडच्या चौकीवर तोफेचा गोळा पडून दुर्गाबाईचा मुलगा किशोर गेला, तेव्हा सहदेव त्याच्यापासून चार हातांवर होता. शवपेटीबरोबर किशोरच्या गावी, हिवरखेडला तोच आला. तेव्हापासून किशोरच्या आईचं सगळं तोच बघायचा. पेन्शनचे कागद, मोतीबिंदूचं ऑपरेशन, सगळं. किशोरचे वडील नत्थुजी पोराच्या दुःखात बाटलीला लागले आणि नऊ वर्षांत लिव्हर सडून मेले, तेव्हाही उशाशी सहदेवच होता. पोटच्या पोरानं काय केलं असतं याहून जास्त?

म्हातारीनं आजवर एक सत्कार घेतला नव्हता. पुढारी आले, शाळावाले आले, तिनं सगळ्यांची दारातूनच बोळवण केली. पोराच्या नावानं मला मिरवू नका, एवढंच तिचं म्हणणं. पण यंदा विजय दिवसाला अकोल्यात माजी सैनिकांचा आणि वीरमातांचा सत्कार आहे, असा फोन आला आणि सहदेव हुरळला. एकदा तरी भरल्या सभेत किशोरचं नाव निघावं, असं त्याला फार वाटायचं. आठ दिवस तो तिच्या मागे लागला. शेवटी ती म्हणाली, "तू म्हन्तं तं येतो."

टेबलावर फॉर्म होता, इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरांत. सहदेवनं तो वाचला नाही. सत्काराच्या कागदात वाचायचं काय? पलटणीच्या सवयीनं त्यानं किशोरचा नंबर, हुद्दा, नाव, गाव ठळक लिहिलं आणि दुर्गाबाईचा अंगठा धरून उमटवला.

शाल झाली, नारळ झाला, टाळ्याही झाल्या. मग निवेदन करणाऱ्या पोरीनं पडदा ओढला. मागे दोन पुरुष उंचीची बाटली उभी होती, थेट तोफगोळ्याच्या आकाराची. खाली लिहिलं होतं, 'बंकर. अखेरच्या घोटापर्यंत झुंज.' तशीच लहान बाटली एकेकाच्या हातात देत पोरं मंचावर फिरू लागली. दुर्गाबाईच्या मांडीवरही एक ठेवली. फोटोवाला म्हणाला, आजी, जरा वर धरा.

सहदेवनं तेव्हाच उठायला हवं होतं. पण शेदोनशे माणसं बघत होती, आणि एवढ्यांदेखत तो म्हातारीला काय म्हणून सांगणार होता? तो बसूनच राहिला. म्हातारीनं बाटली वर धरली.

खाली उतरल्यावर त्यानं बाटलीवाल्या कंपनीच्या केदार नावाच्या साहेबाला गाठलं. केदार तिशीतला, बोलायला मऊ. काका, हा नुसता सोडा आहे, म्हणाला. दारूची जाहिरात करायला परवानगीच नसते. याच नावाची रम पुढच्या महिन्यात येतेय, एवढंच. फोटो आणि त्याखाली नाव वापरायची संमती फॉर्ममध्ये दिलीच आहे, असंही म्हणाला. सहदेवनं फॉर्म परत मागितला. तो स्कॅन होऊन केव्हाच पुण्याला गेला होता.

"ज्या पोराचं नाव लिहिलं न मी, तो अशाच गोळ्यानं गेला," सहदेव म्हणाला. "पेटी उघडू देल्ली नाई आमी तिले. काहून नाई देल्ली, सांगू?"

केदारनं मान खाली घातली, सॉरी म्हणाला. मग कुणीतरी हाक मारली म्हणून निघून गेला.

नायक हुद्द्यावरून निवृत्त झालेला धर्मेंद्र शेजारीच दोन बाटल्या पिशवीत कोंबत होता. तो सहदेवला म्हणाला, उगा कशाला तापतोस, मिलिटरी कॅन्टीनच्या रांगेत रमसाठी दर महिन्याला तूच तर पहिला असतोस. खोटं थोडंच होतं ते?

परतीच्या एस.टी.त दुर्गाबाई अकोटपर्यंत खिडकीबाहेर बघत होती. सहदेवला वाटलं, बरं झालं, हिला काही उमगलं नाही. सोडाच समजली असेल.

"मले समजलं होतं," ती एकदम म्हणाली. "बाटली काय मले कोनी शिकवाव? नऊ वर्सं घरात पाह्यल्या."

"मंग धरली काहून माय?"

"तू लय खुशीत होता." ती म्हणाली. "किशोरच्या बापाले पयली बाटली तूनंच आनून देल्ली होती, तुह्या कॅन्टीनच्या कोट्यातली. झोप यावी म्हनून. तवाबी मी काही बोलली नाई."

नत्थुजी गेल्यावरही तेरा वर्षं ही बाई सहदेवला ताटावर बसवून वाढत होती आणि हे तिला ठाऊक होतं. माफी मागायची सोडून तो तिच्या खांद्यावरची शाल सारखी करत बसला.

"तो फोटो लावतीन का रे चौकात?"

"लावतीन."

"त्याच्याखाली किशोरचं नाव तं नाई न टाकनार?"

"नाई माय," सहदेव म्हणाला.

"मंग जाऊ दे," म्हणत तिनं डोळे मिटले आणि त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं.